नरहर भेकरांची वावटळ

एका जंगलात, बाळांनो, जे असायला हवं ते सगळं होतं. नदी होती, डोंगर होता, वाघ होता आणि वाघाला घाबरणारे होते. कधी घाबरायचं हे ठरवणारं एक सरकारी खातंसुद्धा होतं. त्याचं नाव इशारा खातं.

या खात्यात नरहर भेकर नावाचे गृहस्थ भुंकनीस होते. हसू नका. चिटणीस चिठ्ठ्या लिहितो, तसा भुंकनीस भुंकतो. भेकर हरणासारखं दिसतं आणि कुत्र्यासारखं भुंकतं, हे तुमच्या पुस्तकात असेलच. नसेल तर पुस्तक बदला.

काम सोपं होतं. वाघ निघाला की नरहरपंतांनी टेकडीवर उभं राहायचं आणि तीनदा भुंकायचं. त्याचा अर्थ ‘पळा’. मग बाकीच्यांनी पळायचं. नरहरपंतांनी मात्र पळायचं नाही, कारण सगळे पळाले की नाही ते बघून दरबारात कळवायचं असे. बारा वर्षं त्यांनी ही नोकरी चोख केली. एकदाही चुकीचं भुंकले नाहीत आणि एकदाही जास्तीचं भुंकले नाहीत.

निवृत्त झाले तेव्हा खात्याने त्यांना शाल, नारळ आणि साठ पुड्या चारोळ्या दिल्या. त्या जंगलात चारोळी हेच नाणं होतं. साठ पुड्या म्हणजे म्हातारपण बसून खाण्याची सोय.

नरहरपंतांची बायको इंदूबाई. बोलणं कमी, बघणं जास्त, अशी. तिचं माहेर शिंगमाळावर, तीस कोस दूर. त्या माळावर कारवी फुलते. कारवीचं कसं असतं, ती रोज फुलत नाही, दरवर्षीही फुलत नाही. सात वर्षं नुसती हिरवी उभी राहते आणि आठव्याला असा काही डोंगर निळाजांभळा करते की आभाळाने खाली बघावं.

इंदूबाई कारवी फुललेली असताना जन्मली. पण तेव्हा आईच्या पोटाखालून काय दिसणार? पुढची कारवी आली तेव्हा ती लग्न होऊन इकडे आली होती. नरहरपंतांनी रजेचा अर्ज टाकला. खात्याने उत्तर दिलं, की वाघोबा दौऱ्यावर आहेत, रजा मिळणार नाही. कारवी फुलली आणि गळून गेली.

आता तिसरी येणार होती. चौथी कारवी कुठल्याच भेकराने पाहिलेली नाही. तेवढं आयुष्यच नसतं त्यांना.

“या वेळी दोघांनी बघायची,” नरहरपंत म्हणाले.

“जायचं कसं?” इंदूबाईने विचारलं. तिचा गुडघा धरत असे. शिवाय वाटेत कोळसुंद्यांचा मुलूख होता. कोळसुंदे म्हणजे रानकुत्रे. ते बारा जण होते आणि त्यांनी वाटेवर आडवा बांबू टाकून टोलनाका काढला होता. नाक्यावर पाटी होती: ‘गाडीला एक पुडी. पायी येणाऱ्यास मोफत.’ मोफत म्हणजे नक्की काय, हे पायी गेलेल्यांपैकी कोणी परत येऊन सांगितलं नव्हतं.

“गाडी घेऊ,” नरहरपंत म्हणाले.

शेजारी चिंतामण ससे राहत. त्यांच्याकडे एक छोटी करडी गाडी होती. तिला सगळे ‘डबी’ म्हणत. डबी कशावरही चालायची, कधीही चालू व्हायची आणि कासवाच्या मागे राहायची. “पंत, अशीच एक घ्या,” सशांनी सांगितलं. “वीस पुड्यांत येते. आठ वर्षं झाली, मी इंजिनावरचं टोपणसुद्धा उघडलेलं नाही.”

नरहरपंत डबी बघायलाच निघाले होते. पण वाटेत सर्जेराव बिबट्यांचं झाड लागलं.

झाडाखाली एक गाडी उभी होती. लाल, लांब, बुटकी. नुसती उभी असली तरी पुढे झेप घेतल्यासारखी दिसत होती. तिचं नाव वावटळ. नवी होती तेव्हा तिची किंमत दोन हजार पुड्या होती आणि सगळ्या जंगलात तशा चारच गाड्या आल्या होत्या.

फांदीवर पसरलेल्या सर्जेरावांनी एक डोळा उघडला. “बसून बघा, पंत. बघायला काय जातंय?”

“नको, सरदार. आपल्याला परवडणारी नाही.”

“चाळीस पुड्या.”

नरहरपंतांचे कान उभे राहिले. “किती पळालीय?”

“फार नाही. तीन लाख कोस.”

“तीन लाख?”

“अहो, पळायचीच गाडी आहे ही. पळाली नसती, तर तुम्हाला संशय नसता आला?”

नरहरपंतांनी यावर विचार केला आणि त्यांना ते पटलं. बाळांनो, खोटं बोलणाऱ्यापेक्षा पटणारं बोलणाऱ्यापासून जास्त जपावं.

“मग विकताय कशाला?”

“जागा कुठाय हो ठेवायला?” सर्जेराव म्हणाले. खाली सात कोस रिकामं रान पसरलं होतं. पण नरहरपंत तोवर आत बसले होते.

त्यांनी किल्ली फिरवली. वावटळ आधी खोकली, मग खाकरली आणि मग जी गरजली, की पिंपळावरचे बगळे उडाले. तो आवाज खुरांतून चढत नरहरपंतांच्या छातीत आला. बारा वर्षं या प्राण्याने टेकडीवर एका जागी उभं राहून दुसऱ्यांना ‘पळा’ सांगितलं होतं. स्वतः तो कधीच पळाला नव्हता. त्याला कोणी तसं सांगितलंही नव्हतं.

त्यांनी चाळीस पुड्या मोजल्या.

घर सहा कोसांवर होतं. पहिले चार कोस नरहरपंत उडत आले. पाचव्या कोसाला समोरच्या तबकडीवर एक लाल दिवा लागला. तो छान दिसत होता, म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. सहाव्या कोसाला टोपणाखालून वाफ आली आणि गाडी अंगणाच्या तोंडाशी येऊन थांबली.

इंदूबाई बाहेर आली. “अहो, हे काय?”

“ही वावटळ.”

इंदूबाईने गाडीभोवती एक फेरी मारली. “थांबलेलीच दिसतेय,” ती म्हणाली.

आता या गोष्टीत मुंगसे मिस्त्री येतात. नदीपलीकडे, चार कोसांवर त्यांचं गॅरेज होतं. जंगलात वावटळीचं काम फक्त त्यांना येत असे. मुंगसे मिस्त्री गाडीखाली राहत. गिऱ्हाइकाला त्यांची फक्त शेपटी दिसे. शेपटी एकदा हलली तर दोन पुड्या आणि दोनदा हलली तर पाच, हे जुनी गिऱ्हाइकं ओळखून असत.

“रेडिएटर गेलाय,” गाडीखालून आवाज आला. शेपटी एकदा हलली. “पंत, खोललंच आहे तर पाण्याचा पंपही बदलून टाकू. नाहीतर तो पुढच्या महिन्यात जाईल आणि पुन्हा सगळं खोलावं लागेल.”

हे बोलणं शहाणपणाचं होतं. नरहरपंतांनी मान डोलावली.

पंप बदलायला खोललं, तेव्हा आतली टायमिंगची चेन सैल निघाली. खोललंच आहे तर चेनही घातली. चेन घालायला इंजिन उचललं, तेव्हा ज्या रबरांवर इंजिन बसतं ती चारही रबरं फाटलेली दिसली. इंजिन उचललंच आहे तर क्लच बघितला. क्लच बघायला नको होता.

आणि यातली एकही वस्तू जंगलात मिळत नसे. वावटळ परदेशी होती. तिचे पार्ट सातासमुद्रापलीकडून घारपुरेबाई आणून देत. घारपुरेबाई म्हणजे एक पोक्त घार होत्या. त्या पार्ट आणत, पण पहिल्या खेपेला हमखास दुसऱ्याच गाडीचा आणत.

नरहरपंत रोज चार कोस चालत गॅरेजवर जायचे आणि चार कोस चालत परत यायचे. जंगलातल्या सगळ्यात वेगवान गाडीचा मालक म्हणून लोक त्यांना वाट द्यायचे.

गॅरेजच्या दारात एक ओंडका होता. त्यावर मंगळवारी संध्याकाळी एक तरस आणि एक गवा येऊन बसत. दोघेही वावटळवाले. तेही चालतच येत. आपली गाडी उतारावर कशी सुटते, वळणावर कशी चिकटून राहते, हे ते एकमेकांना सांगत. आजवर त्यांपैकी कोणीही दुसऱ्याची गाडी पळताना पाहिली नव्हती. तरस म्हणाला, “पंत, एवढं काम काढलंत ना, आता बघा. आता दहा वर्षं हात लावायला नको.” त्याची गाडी तीन वर्षं गॅरेजात होती.

तरी एक सांगायला हवं. नरहरपंत त्या ओंडक्यावर खूश असत. नोकरीत बारा वर्षं त्यांना मित्र नव्हता. जो ओरडला की सगळे पळतात, त्याच्या शेजारी बसणार कोण?

श्रावण संपत आला. शिल्लक राहिलेल्या वीस पुड्यांतली एकही उरली नाही. आणि एके दिवशी माळावरून निरोप आला, की कारवी फुलली.

चिंतामण ससे दारात आले. “वहिनी, उद्या आम्ही सगळे निघतोय. डबीत एक जागा आहे. दाबून बसलात तर पोचाल.”

नरहरपंतांनी बायकोकडे बघितलं नाही. त्यांनी अंगणातल्या गवताकडे बघितलं. “जा तू,” ते म्हणाले. “खरंच जा. माझं काय, मी नंतर...” नंतर म्हणजे कधी, ते त्यांनाही पुढे सांगता आलं नाही.

“नको हो, भावजी,” इंदूबाई म्हणाली. “दोघांनी बघायचं ठरलंय.”

सशांचं कुटुंब गेलं आणि चौथ्या दिवशी परत आलं. नरहरपंतांनी घाईघाईने विचारलं, “कशी होती?”

“जांभळी,” ससे म्हणाले. “फोटो काढला. दहा मिनिटं थांबलो. मग पोरांना भूक लागली. पण पंत, जायचं तर लवकर जा. खालच्या अंगाला सुकायला लागलीय.”

त्या दुपारी नरहरपंत गॅरेजवर गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा चुकीच्या वेळी भुंकले. मुंगसे मिस्त्री गाडीखालून पुरते बाहेर आले. त्यांचा चेहरा त्या दिवशी प्रथमच दिसला. बरा होता.

“पंत, गाडी तयार आहे,” ते म्हणाले. “फक्त एक वस्तू राहिलीय. पंधरा पुड्यांची. ती घातली की निघा.”

नरहरपंत घरी येऊन दाराशी बसले. पंधरा पुड्या नव्हत्या. त्यांनी सगळं सांगितलं. रेडिएटरपासून सगळं. शेवटी म्हणाले, “इंदू, मी चुकलो. डबी घ्यायला हवी होती.”

इंदूबाई उठली. बांबूच्या बेटात जाऊन तिने एका पोकळ बांबूतून काहीतरी उकरून आणलं. सोळा पुड्या होत्या. माहेरून येताना आईने दिलेल्या. नरहरपंतांना बारा वर्षांत त्यांचा पत्ता नव्हता.

“ही शेवटची पुंजी,” ती म्हणाली. “आणि नीट ऐका. गाडीसाठी नाही देत. कारवीसाठी देतेय.”

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघं अंगणातून निघाले. मुंगसे मिस्त्रींनी खिडकीत वाकून सांगितलं, “पंत, एकच लक्षात ठेवा. वाटेत बंद करू नका. गरम असताना बंद केली तर तासभर चालू होत नाही.”

“का?”

“ते खोलल्याशिवाय नाही सांगता येणार.”

बावीस कोस वावटळ अशी गेली, की जणू तिला कधी काही झालंच नव्हतं. इंदूबाई खिडकीला घट्ट धरून बसली होती. नरहरपंत तबकडीवरचे दिवे बघत होते. एकही लागला नाही. मग त्यांना त्याचीच काळजी वाटू लागली.

बाविसाव्या कोसाला टोलनाका आला. बांबू आडवा होता. बारा कोळसुंदे उन्हात पसरले होते. त्यांचा नाईक उठून खिडकीशी आला. कानाचा एक तुकडा गेलेला, डोळे पिवळे.

“इंजिन बंद करा,” तो म्हणाला. “काही ऐकू येत नाही.”

“टोल देतो की,” नरहरपंत म्हणाले. “पण बंद नाही करता येत.”

“का?”

नरहरपंत सरळ माणूस, म्हणजे सरळ भेकर. “परत चालू होत नाही,” ते म्हणाले.

नाईकाने मागे वळून बघितलं. बाकीचे अकरा जण उठून बसले. “चालू न होणारी गाडी म्हणजे गाडी नव्हे,” नाईक सावकाश म्हणाला. “म्हणजे तुम्ही पायीच आलात.”

“आणि पायी येणाऱ्यास मोफत,” मागून कोणीतरी म्हणालं.

उन्हात उभ्या उभ्या वावटळ तापू लागली. तबकडीवरचा काटा वर सरकत होता. लाल दिवा लागला. इंजिनाचा आवाज जड झाला. ती आपणहून बंद पडायला फार वेळ लागणार नव्हता, आणि हे नरहरपंतांना कळत होतं, इंदूबाईला कळत होतं, आणि कोळसुंद्यांनाही कळलं असावं, कारण ते घाई करत नव्हते.

इंदूबाईने शेवटची पुडी काढली आणि खिडकीतून नाईकाच्या पायाशी टाकली. “हा टोल,” ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली.

“पळा!” ती ओरडली.

बाळांनो, नरहरपंतांना हा शब्द आजवर कोणी सांगितला नव्हता. त्यांनी खूर दाबला. बांबू काडीसारखा मोडला. मागे बारा जण उठले आणि पळाले. कोळसुंदे वाघालाही दमवून मारतात, ते थकत नाहीत. पण वावटळीच्या पोटात कुठेतरी एक दार उघडलं आणि तीन लाख कोसांचं वय तिने मागे टाकून दिलं. दोन्ही बाजूंची झाडं एक हिरवी भिंत झाली. वळण आलं. ती वळणाला चिकटून राहिली. तरस खोटं बोलत नव्हता.

कोणीतरी हसत होतं. नरहरपंतांनी चोरून बाजूला बघितलं. इंदूबाई हसत होती. कान मागे, डोळे मिटलेले, आणि मोठ्याने. बारा वर्षांत त्यांनी हे हसू ऐकलं नव्हतं.

घाट चढून माळावर आले तेव्हा मागे कोणी नव्हतं. वावटळीने आणखी शंभर पावलं काढली, ‘फस्स’ असा लांब उसासा टाकला आणि थांबली. नरहरपंत टोपणाकडे धावले. वाफ निघत होती, तेल ठिबकत होतं, आत काहीतरी टिकटिक करत निवत होतं.

“राहू द्या ते,” इंदूबाईचा आवाज आला. “इकडे या.”

ते वळले. आणि त्यांनी बघितलं.

शिंगमाळ शेवटच्या कड्यापर्यंत फुलला होता. वारा आला की सगळा डोंगर एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळल्यासारखा व्हायचा. मधमाश्यांचा आवाज तर असा, की माळच गुणगुणत असावा. इंदूबाई कारवीत पोटापर्यंत उभी होती. नरहरपंत जाऊन तिच्या शेजारी उभे राहिले. पुष्कळ वेळ.

परत कसं जायचं, हा प्रश्न होता. पण तो प्रश्न दुसऱ्या दिवशी निघाला, आणि तेव्हा आभाळात घारपुरेबाई दिसल्या, म्हणून तो त्यांच्याकडे सोपवला. पार्ट यायला अकरा दिवस लागले.

अकरा दिवस काय केलं म्हणाल तर काही नाही. सकाळी दव पडलेली कारवी बघितली, दुपारी सावलीतून कारवी बघितली. इंदूबाईच्या दोन म्हाताऱ्या मावश्या भेटल्या. त्यांनी नरहरपंतांना ‘भुंकणारे जावई’ म्हणून खूप चिडवलं आणि कारवीचा मध खाऊ घातला. माळावर चरून, फिरून इंदूबाईचा गुडघाही मोकळा झाला. अकराव्या दिवशी शेवटची फुलं गळाली, आणि दोघांनी तीही गळताना बघितली.

त्याच दुपारी घारपुरेबाई आल्या. त्यांच्या पंजात मुंगसे मिस्त्री होते. घार आणि मुंगूस दोघेही वेगवेगळ्या दिशांना बघत होते. व्यवसायात असं करावं लागतं. मिस्त्रींनी अंगठ्याएवढा एक रबरी वायसर काढला, गाडीखाली गेले आणि थोड्याच वेळात आवाज आला, “पंत, खोललंच आहे तर...”

“नाही,” इंदूबाई म्हणाली.

शेपटी हललीच नाही. मजुरी म्हणून मिस्त्रींनी मावश्यांकडचा मध घेतला आणि मागच्या सीटवर बसले.

परतीच्या वाटेवर टोलनाक्यावर आता जाड सागाचा ओंडका होता. नरहरपंतांनी ब्रेक दाबला. वावटळ थांबली आणि बंद पडली. बारा कोळसुंदे चारी बाजूंनी आले.

नरहरपंत खाली उतरले आणि इंदूबाईच्या दारापुढे उभे राहिले. टेकडीवर उभं राहायची सवय अशी कामी आली.

नाईक त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो गाडीकडे बघत होता. त्याने लाल टोपणावर पंजा ठेवला, हळूच, झोपलेल्या पिल्लावर ठेवावा तसा.

“आमच्या हातून आजवर काही सुटलेलं नाही,” तो म्हणाला. “ही सुटली. त्या दिवसापासून मला झोप नाही. किती पळते?”

“नाईक, तिचं असं आहे...” नरहरपंत म्हणाले. “सकाळी तिला थोडं गरम होऊ द्यावं लागतं. थंड असताना ताणू नका. ती तेल खाते, रोज बघायचं. घाटात तापते. टाकीत मोहाचा अर्क पहिल्या धारेचाच लागतो, दुसरा घातला तर रुसते. पुढचं डावं बेअरिंग...”

“किती पळते ते विचारलं.”

नरहरपंत थांबले. “खूप,” ते म्हणाले.

“गाडी ठेवा आणि जा,” नाईक म्हणाला. “तिघंही. पायी. तुम्हाला कोणी हात लावणार नाही.”

“अहो, पण तुम्ही ऐकून तरी घ्या! क्लच नवा आहे, पण गिअर...”

“द्यायची नाही म्हणून घाबरवतोय,” नाईक आपल्या लोकांना म्हणाला. सगळे हसले.

इंदूबाई उतरली. तिने नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं. “देऊन टाका,” ती म्हणाली. “कारवी बघून झाली.”

नरहरपंतांनी किल्ली दिली. देताना त्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी लपवले नाहीत. मुंगसे मिस्त्रींनी मात्र हात पुसले, अदबीने पुढे झाले आणि नाईकाला म्हणाले, “साहेब, गॅरेजचा पत्ता देऊन ठेवतो.”

चार दिवस चालत तिघे घरी आले. रोज गॅरेजला जाऊन नरहरपंतांचे पाय एवढे तयार झाले होते, की वाटेतली शेवटची टेकडी त्यांनी इंदूबाईला पाठीवर घेऊन चढली.

पुढे काय झालं? पहिल्या महिन्यात नाईकाने टोल एका पुडीचा दोन पुड्या केला. दुसऱ्या महिन्यात पाच. वावटळीला काहीतरी परदेशी हवं होतं. पाच पुड्या द्यायला कोणी तयार होईना, तेव्हा गाड्या येईनाशा झाल्या. पायी येणारे खावेत, तर कोळसुंद्यांना वेळ नव्हता. नाक्यापासून गॅरेज अठरा कोस, आणि वावटळ ढकलायला सगळे बाराही जण लागत. चौथ्या महिन्यात सहा जण भांडून दुसऱ्या जंगलात निघून गेले. उरलेले इतके वाळले, की सशांची पोरं त्यांना मागून हसायची. सहाव्या महिन्यात नाका मोडला. आता मंगळवारी गॅरेजच्या ओंडक्यावर तरस, गवा आणि नाईक असे तिघे बसतात. वळणावर गाडी कशी चिकटून राहते, हे नाईक फार रंगवून सांगतो, आणि तरस त्याला दिलासा देतो.

मुंगसे मिस्त्रींनी नदीकाठी तीन खोल्यांचं बीळ बांधलं.

शिंगमाळाची वाट मोकळी झाली. इंदूबाई आता हवं तेव्हा माहेरी जाते. सोबत नरहरपंत असतात. घरात चारोळ्या नाहीत, पण भेकराला गवत लागतं आणि ते फुकट असतं.

कधी कधी संध्याकाळी दूर घाटाकडून एक गर्जना ऐकू येते. नरहरपंत चरायचे थांबतात. कान उभे करतात. गर्जना वाढते, वाढते आणि मध्येच तुटते.

“बंद पडली वाटतं,” इंदूबाई म्हणते.

“नाही गं,” नरहरपंत म्हणतात. “नुसती तापली असेल.”

तात्पर्य: बलवान शत्रूशी कधी लढू नये. त्याला आपली जुनी, वेगवान गाडी द्यावी. तिचे सगळे दोष त्याला खरे खरे सांगावेत, म्हणजे तो ती नक्की घेईल. मात्र देण्याआधी एकदा तिच्यातून बायकोला कारवी दाखवून आणावी, आणि गाडी कुठे बंद पडणार हे शक्यतो गाडीलाच ठरवू द्यावं.